काळ न्याय करत नाही, खुर्च्या करतात : रूएड लांगगोरच्या निमित्ताने

साहित्याची किंवा संगीताची चर्चा थोडी रंगली की कुणीतरी एक वाक्य टाकतं आणि सगळे माना डोलावतात. ‘जे अस्सल असतं ते टिकतं, बाकीचं काळाच्या ओघात वाहून जातं.’ हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. ते बोलणारा माणूस बहुतेक वेळा काठावर सुखरूप बसलेला असतो. वाहून गेलेल्यांची बाजू मांडायला तिथे कुणी नसतं, त्यामुळे वाक्य बिनविरोध मंजूर होतं.

या वाक्यात माणसं कुठेच दिसत नाहीत. नाट्यगृहाचा संचालक, रेडिओवर कार्यक्रम ठरवणारा अधिकारी, वर्तमानपत्रातला समीक्षक, नेमणुका करणारी समिती, अभ्यासक्रम आखणारे प्राध्यापक हे सगळे गायब. त्यांनी घेतलेले निर्णय काळाच्या नावावर खपवले जातात. काळाला कुणी जाब विचारू शकत नाही, म्हणून ही सोय.

याचा एक जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखा स्वच्छ पुरावा डेन्मार्कमध्ये आहे. त्याचं नाव रूएड लांगगोर. १८९३ साली कोपनहेगनमध्ये जन्म, १९५२ साली मृत्यू. १६ सिम्फनी, एक ऑपेरा, आणि सगळं मिळून ४०० हून जास्त रचना. पाश्चात्त्य अभिजात संगीत आवडीने ऐकणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं.

डेन्मार्कच्या एका ऑर्गनवादकाशी आपलं काय देणंघेणं, असं काही वाचक विचारतील. सरळ उत्तर असं की हे भांडण आपलं नाही, म्हणूनच ते नीट दिसतं. आपल्या अंगणातल्या वादात आपण आधीच कुठल्या ना कुठल्या बाजूला उभे असतो. इथे ना आपली जात आहे, ना धर्म, ना भाषा. नुसती माणसं आणि त्यांच्या खुर्च्या.

लांगगोरचे आईवडील दोघेही पियानोवादक. वडील सिगफ्रीड हे फ्रांझ लिस्टचे शिष्य आणि कोपनहेगनच्या संगीत विद्यालयात शिक्षक. संगीत ही ईश्वराकडे नेणारी वाट आहे, अशी या घराची पक्की धारणा होती आणि मुलगा त्याच हवेत वाढला. अकराव्या वर्षी त्याने ऑर्गनवर जाहीर मैफल केली. पहिली सिम्फनी त्याने किशोरवयात लिहायला घेतली. ती जवळपास तासभर चालते, तिला प्रचंड मोठा वाद्यवृंद लागतो, आणि १० एप्रिल १९१३ रोजी ती बर्लिन फिलहार्मोनिकने माक्स फीडलर यांच्या संचालनाखाली वाजवली. संगीतकाराचं वय तेव्हा १९ होतं. या वयात बर्लिन फिलहार्मोनिकने आपली तासाभराची सिम्फनी वाजवावी, याचा अर्थ आपल्याकडे कसा सांगावा? विशीही न गाठलेल्या पोराला सवाई गंधर्व महोत्सवात शेवटचं सत्र द्यावं, तसं काहीसं.

पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. वडीलही १९१४ मध्येच गेले.

युद्ध चालू असताना, १९१६ ते १९१८ या काळात, त्याने ‘स्फिअर्सचं संगीत’ ही रचना केली. आकाशातले ग्रहगोल फिरताना एक नाद निर्माण होतो, ही कल्पना पायथागोरसच्या परंपरेतली. (ती फक्त युरोपची नाही, हे जाता जाता सांगायला हवं. दहाव्या शतकात बसऱ्यातल्या ‘इख्वान अस-सफा’ या विद्वानांच्या मंडळाने आपल्या ५२ रिसाल्यांपैकी एक संगीतावर लिहिला आणि त्यात आकाशस्थ गोलांच्या नादाची चर्चा केली. त्याच शतकातल्या अल-फाराबीने मात्र आपल्या संगीतावरच्या मोठ्या ग्रंथात ही कल्पना साफ फेटाळली. एका परंपरेत दोन्ही मतं सुखाने नांदत होती आणि दोन्ही ग्रंथ आजही वाचले जातात.)

ही रचना सुमारे ३५ मिनिटांची आहे. मोठा वाद्यवृंद, गायकवृंद, ऑर्गन आणि एक सोप्रानो गायिका, शिवाय श्रोत्यांपासून लांब बसवलेला दुसरा छोटा वाद्यवृंद. त्या काळी सिम्फनीकडून अपेक्षा असायची की एक सुरावट मांडावी, तिच्यासमोर दुसरी उभी करावी, दोघींचा झगडा लावावा आणि शेवटी निकाल द्यावा. इथे तसं काही होत नाही. व्हायोलिन अगदी वरच्या स्वरात थरथरत राहतात. नाद येतो, दाटतो, विरतो, लांबून दुसरा वाद्यवृंद उत्तर देतो, आणि बराच वेळ काहीच ‘घडत’ नाही. पियानोवादकाला पट्ट्या सोडून थेट आतल्या तारांवरून हात फिरवायला सांगितलं आहे. आलापीची सवय असलेल्या कानाला हे संगीत उलट लवकर उमगेल असं मला वाटतं. स्वराला पुढे ढकलायची घाई नाही, त्यात नुसतं राहायचं आहे.

ही रचना पहिल्यांदा वाजली ती जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये, नोव्हेंबर १९२१ मध्ये. दुसऱ्यांदा १९२२ साली बर्लिनमध्ये. त्यानंतर थेट १९६८. मध्ये ४६ वर्षं गेली, आणि संगीतकाराला जाऊनही १६ वर्षं झाली होती. १९६८ चा प्रयोगही कोपनहेगनमध्ये नव्हता, स्टॉकहोममध्ये झाला. पहिली सिम्फनी बर्लिनमध्ये, ‘स्फिअर्स’ आणि सहावी सिम्फनी कार्ल्सरूहमध्ये, पुनरुज्जीवन स्वीडनमध्ये. या माणसाच्या आयुष्यातल्या मोठ्या मैफलींची गावं ओळीने मांडली की एक गाव सारखं गैरहजर दिसतं, ते म्हणजे त्याचं स्वतःचं.

लांगगोरच्या पूर्ण हयातीत डेन्मार्कच्या संगीतावर एका माणसाची सावली होती. कार्ल नील्सन. माणूस थोर होता यात वाद नाही. त्याची चौथी सिम्फनी १९१६ ची, आणि ती आजही ऐकताना अंगावर येते. पण कथेला इथे एक वळण आहे. आपल्याला सवय अशी की डावलला गेलेला तो गरीब आणि गादीवर बसलेला तो घराणेदार. इथे उलट होतं. नील्सन हा फ्युन बेटावरच्या खेड्यातला, घरांना रंग देणाऱ्या आणि गावच्या लग्नकार्यांत फिडल वाजवणाऱ्या बापाचा मुलगा, १२ भावंडांतला सातवा. लांगगोर राजधानीतल्या सुशिक्षित, कलावंत घरातला लाडावलेला एकुलता एक. नील्सनने खालून वर येत दरवाजे उघडले होते. जुन्या रोमँटिक संगीताचा भपका, उसासे, धुकं हे सगळं झटकून त्याने मोकळं, ठाशीव, मातीतलं संगीत आणलं. ते बंड होतं आणि त्या वेळी ते बरोबरही होतं.

गडबड नंतर झाली. बंडखोराच्या हाती संस्था आल्या. नील्सन रॉयल थिएटरमध्ये संचालक होता, मग कोपनहेगनच्या प्रतिष्ठित संगीत संस्थेच्या वाद्यवृंदाचा १२ वर्षं संचालक, संगीत विद्यालयात शिक्षक आणि अखेरीस त्याचा प्रमुख. त्याची आवड ही शिष्यांची आवड झाली आणि शिष्यांची आवड हे देशाचं धोरण. साधं, निरोगी, देशी म्हणजे चांगलं. गूढ, भावविवश, धार्मिक म्हणजे जुनाट आणि थोडं लाजिरवाणं. असा नियम कुणी कागदावर लिहीत नाही. लिहिला असता तर निदान त्याला आव्हान देता आलं असतं. १९३१ मध्ये नील्सन गेला आणि आवड पंथात बदलली, कारण आता मत बदलू शकणारा माणूसच उरला नव्हता.

ही सगळी नील्सनची चूक, असं मी म्हणत नाही. पुढारी गेल्यावर त्याच्या नावाने पहारा देणारे जे करतात, त्याचा हिशेब पुढाऱ्याच्या खात्यावर टाकू नये. पण पहारा होता, हे तरी मान्य करायला हवं. ‘काळाच्या ओघात’ म्हणणारे तेवढंही करत नाहीत.

लांगगोरने १९२१ ते १९२३ मध्ये ‘अँटिख्रिस्ट’ हा ऑपेरा लिहिला, शब्दही स्वतःचेच. युद्धानंतरच्या युरोपची पोकळी, पैशाची हाव, मोठमोठे शब्द आणि त्यांच्या आडून चाललेली लूट असा त्याचा विषय. रॉयल थिएटरने तो नाकारला. त्याने १९२६ ते १९३० या काळात पुन्हा बसून तो बदलला. पुन्हा नकार. रंगमंचावर तो पहिल्यांदा आला १९९९ मध्ये, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. गावांच्या यादीत आणखी एका परक्या गावाची भर. २०२२ मध्ये बर्लिनच्या डॉइच ऑपेराने तो केला. लिहून पूर्ण झाल्यापासून रंगमंचापर्यंत सुमारे ७० वर्षं. या ७० वर्षांत त्या कागदांवर एक स्वरही बदलला नाही. म्हणजे १९३० मध्ये जे ‘सादर करण्यालायक नव्हतं’ तेच, जसंच्या तसं, १९९९ मध्ये लायक ठरलं. काळाने नेमकं काय तपासलं? काहीच नाही. फक्त खुर्च्यांवरची माणसं बदलली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. सरकारने त्याला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. तिशीपासून त्याला सरकारी मानधन मिळत होतं. मग बहिष्कार कसला?

मला उलट वाटतं की हे मानधन बहिष्काराचाच सभ्य प्रकार होतं. पोटापुरतं द्यायचं आणि मंच द्यायचा नाही. उपाशी मेलेला कलावंत निदान आरोप तरी बनतो, मानधन खाऊन गप्प पडलेला तेवढाही बनत नाही. हा माणूस वर्षानुवर्षं चर्चमध्ये ऑर्गनवादकाच्या जागांसाठी अर्ज करत राहिला आणि अर्ज परत येत राहिले. अकराव्या वर्षी ऑर्गनवर मैफल केलेल्या माणसाला ऑर्गनवादकाची पहिली कायम नोकरी मिळाली ती वयाच्या ४६ व्या वर्षी, १९४० मध्ये. तीही राजधानीत नाही तर युटलंडच्या पश्चिम टोकाला, रीबं नावाच्या लहान गावातल्या कॅथेड्रलमध्ये. रीबं हे डेन्मार्कमधलं सर्वांत जुनं गाव, सुंदर आहे. पण संगीताच्या जगात तिथे नेमणूक होणं म्हणजे काय, हे मंत्रालयातून दूरच्या तालुक्याला बदली झालेला कुठलाही माणूस सांगेल. शेवटची १२ वर्षं त्याने तिथे काढली. गावावर एक सिम्फनीही लिहिली, नववी. जुलै १९५२ मध्ये तो गेला, तेव्हा एकोणसाठी पूर्ण व्हायला १८ दिवस बाकी होते.

आता त्याची दुसरी बाजू. हा माणूस सोपा नव्हता. हट्टी, दुखावलेला, कडवट. शिवाय त्याने स्वतःच्या वकिलांचं काम अवघड करून ठेवलं आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो युरोपातल्या सर्वांत धाडसी लिहिणाऱ्यांपैकी एक होता, आणि नंतर अचानक मागे वळला. एकोणिसाव्या शतकातल्या नील्स गाड या जुन्या डॅनिश संगीतकाराच्या गोड, सरळ शैलीत लिहू लागला. आधुनिकांनी म्हटलं, बघा, हा जुनाटच आहे. जुन्या वळणाच्या लोकांना त्याचं आधीचं उधाण आठवत होतं. त्यामुळे तो कुणाचाच राहिला नाही. १६ च्या १६ सिम्फनी थोर आहेत असं मी तर म्हणणार नाही. काही पसरट आहेत, काहींत जुन्या कल्पना पुन्हा तापवून वाढल्या आहेत. पण ज्यांना मान्यता मिळाली त्यांच्या सगळ्या रचना थोर असाव्यात अशी अट आपण घालतो का? त्यांच्या सुमार कामाला आपण ‘संक्रमणकाळ’ म्हणतो आणि पुढे जातो. सुमार असण्याचा हक्कही शेवटी मोठ्यांनाच मिळतो.

सूडही त्याने संगीतातच उगवला. १९४८ मध्ये त्याने गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी एक तुकडा लिहिला, फक्त ३२ मापांचा. त्याचे शब्द एवढेच की कार्ल नील्सन हा आमचा थोर संगीतकार. सूचना अशी की हे अनंतकाळपर्यंत पुन्हापुन्हा गात राहावं. जयजयकाराचा सूर तंतोतंत पकडला आहे. इतका की न सांगता ऐकवला तर एखाद्या जयंतीच्या कार्यक्रमात खपून जाईल. पुढे १९९० च्या दशकाअखेरीस डेन्मार्कच्या १०० क्रोनरच्या नोटेवर खरोखर नील्सनचं चित्र आलं. म्हणजे थट्टा मध्यवर्ती बँकेने पूर्ण केली.

त्याच सुमाराच्या सिम्फनींमध्ये अशी भडकलेली वाक्यं सापडतात. अकरावी जेमतेम सहा मिनिटांची. एकच वॉल्ट्झची सुरावट गरगरत राहते आणि शेवटी चार ट्यूबा वेगळे उभे राहून त्यावर तुटून पडतात. बारावीच्या अखेरीस स्वरलिपीत लिहिलंय की इथे संगीतकाराचा स्फोट होतो. आणि इथूनच त्याच्यावरची दुसरी नाइन्साफी सुरू होते. पहिली होती दुर्लक्षाची. दुसरी कौतुकाची, आणि ती जास्त चिवट आहे.

आज लांगगोरबद्दल कुठेही वाचा, ‘विक्षिप्त’, ‘वेडा प्रतिभावंत’, ‘डेन्मार्कचा विचित्र माणूस’ हेच शब्द पुढे येतात. तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात : अनंतकाळ गायचा तुकडा, स्फोट, आणि ट्यूबा. किस्से मजेदार आहेत, मीही आत्ताच सांगितले. पण ‘वेडा’ म्हटलं की ज्यांनी नाकारलं ते सगळे सुटतात. वेड्याला कोण नोकरी देणार? वेड्याचा ऑपेरा कोण करणार? चाळिशीपर्यंत अर्ज परत येत राहिल्याने जो माणूस कडवट झाला, त्याच्या कडवटपणालाच अर्ज परत येण्याचं कारण म्हणून सांगायचं, हा उलटा कावा आहे. बारावी सिम्फनी १९४६ ची. ‘स्फिअर्स’ १९१८ ला पूर्ण झाली होती. मधली २८ वर्षं कुणाची जबाबदारी?

तिसरी गोष्ट प्रमाणपत्राची. १९६० च्या दशकात डॅनिश संगीतकार पेर नॉरगोर यांनी ‘स्फिअर्स’ची स्वरलिपी रोमानियात जन्मलेल्या ग्यॉर्गी लिगेटींच्या हाती दिली. ‘आत्मोस्फेर’ लिहून लिगेटी तेव्हा गाजत होते, आणि सुरावटीऐवजी नादाचे ढग हा त्यांचा शोध मानला जात होता. ती पानं चाळून ते म्हणाले की आपण लांगगोरचे अनुकरण करणारे आहोत हे आपल्याला आजवर माहीतच नव्हतं. दिलदार माणूस. पण तेव्हापासून लांगगोरची ओळख झाली ती ‘लिगेटीच्या ४० वर्षं आधीचा’ अशी. २०१० मध्ये लंडनच्या प्रॉम्समध्ये ‘स्फिअर्स’ वाजली, तेव्हाही शेजारी लिगेटी होतेच. पियानोच्या तारांवर हात फिरवला म्हणून तो अमेरिकेच्या हेन्री काउएलच्या आधीचा. म्हणजे हयातीत त्याला नील्सनच्या मापाने मोजलं आणि मेल्यावर लिगेटीच्या. त्याचं स्वतःचं माप कुणी विचारलंच नाही. ‘काळाच्या पुढे होता’ ही दादही मला खटकते. तो अगदी त्याच्या काळातच होता. महायुद्ध, पडलेली साम्राज्यं, हादरलेली श्रद्धा हे सगळं त्याच्या संगीतात ताजं आहे. बर्लिनला आणि कार्ल्सरूहला ते १९२१-२२ मध्येच ऐकण्याजोगं वाटलं होतं. मागे कुणी असेलच तर ते कोपनहेगन होतं, सगळा काळ नव्हे.

हा एकट्याचा किस्सा आहे असंही नाही. शेजारच्या स्वीडनमध्ये फ्रांझ बेरवाल्डने १८४० च्या दशकात चार सिम्फनी लिहिल्या. हयातीत त्यांतली एक वाजली. माणसाने बर्लिनमध्ये हाडांचे आजार बरे करण्याची संस्था चालवली, पुढे उत्तर स्वीडनमध्ये काचेचा कारखाना सांभाळला. संगीतावर पोट भरणं त्याला कधी जमलंच नाही. १८६८ मध्ये तो गेला. १८४५ मध्ये लिहिलेली त्याची सर्वांत देखणी सिम्फनी १९०५ मध्ये पहिल्यांदा वाजली. त्याच देशातल्या एल्फ्रिडा आंद्रे यांच्याबाबतीत तर कायदाच आडवा होता. बाईने चर्चची ऑर्गनवादक व्हावं यासाठी आधी कायदा बदलावा लागला, तेव्हा कुठे १८६७ मध्ये त्या गॉटेनबर्गच्या कॅथेड्रलमध्ये रुजू झाल्या. तिथे त्यांनी जन्मभर काम केलं, सिम्फनी लिहिल्या, आणि आज त्यांचं नाव ‘पहिली महिला’ या सदरातच अडकून पडलं आहे. रचना ऐकणारे थोडे.

मग लांगगोर परत आला तो कसा? काळाने आणला नाही, कामाने आणला. स्वरलिप्यांचे ढीग हस्तलिखितातच पडून होते, हाताने लिहिलेले, पुन्हापुन्हा खाडाखोड केलेले, एकाच रचनेच्या तीन-तीन आवृत्त्या. बेंड्ट विनहोल्ट नील्सन नावाच्या संशोधकाने ते वर्षानुवर्षं लावले, प्रत्येक रचनेला क्रमांक दिला, १९९१ मध्ये सूची छापली आणि मग चरित्र लिहिलं. (आडनाव नील्सनच, हा डेन्मार्कचा विनोद.) सगळ्या सिम्फनींचं पहिलं ध्वनिमुद्रण १९९० च्या दशकात झालं ते पोलंडमधल्या वुज शहराच्या वाद्यवृंदाकडून, इल्या स्टूपेल यांच्या संचालनाखाली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाने थॉमस डाउसगोर यांच्यासोबत सोळाही सिम्फनी पूर्ण केल्या २००० च्या दशकात, आणि त्या नीट संपादित स्वरलिप्यांवरून. २०१८ मध्ये सकारी ओरामो यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकने दुसरी आणि सहावी प्रसिद्ध केली. आता रीबंमध्ये दरवर्षी त्याच्या नावाचा महोत्सव भरतो. ज्या गावात त्याची रवानगी झाली होती, त्याच गावात.

यात नशीब किती होतं ते बघा. कागद शाबूत राहिले हे पहिलं. नॉर्वेच्या गाइर ट्वाइटच्या घराला १९७० मध्ये आग लागली आणि आयुष्यभराच्या बहुतेक रचना जळाल्या. ज्यांची एकुलती प्रत होती त्या कायमच्या गेल्या. त्यांच्याबाबतीत ‘अस्सल ते टिकतं’ म्हणणाऱ्यांनी काय करायचं ठरवलंय? एक लाकडी घर आणि एक ठिणगी, एवढीच ती चाळणी. दुसरं नशीब म्हणजे पैसा. डेन्मार्क श्रीमंत देश आहे आणि आपल्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणावर सरकारी पैसा खर्च करतो. हाच लांगगोर एखाद्या गरीब देशात जन्मला असता तर त्याची बाडं आज कुठल्या माळ्यावर असती, किंवा कुठल्या रद्दीवाल्याकडून कधीची पुढे गेली असती. आपल्याकडे किती जुन्या गायकांच्या चिजांच्या वह्या, किती शाहिरांची बाडं, किती दखनी कवींची हस्तलिखितं अशी गेली आणि त्यांच्यामागेही आपण तेच वाक्य म्हणून मोकळे झालो. आहेत त्यांना कुणी क्रमांक द्यायला बसलं आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

ज्यांना लांगगोर ऐकायचा आहे त्यांनी किश्शांपासून सुरुवात करू नये. अकरावी आणि बारावी नंतरसाठी ठेवा. सहाव्या सिम्फनीपासून सुरू करा, १९२० च्या आसपासची. जेमतेम २० मिनिटांची आणि एकाच सलग दमातली. आधी शांत, जवळजवळ भजनासारखी सुरावट येते, मग तीच सुरावट विद्रूप होऊन आपल्याच अंगावर धावून येते, आणि बराच वेळ कळत नाही कोण जिंकतंय. मग ‘स्फिअर्स’ ऐका, रात्री, दिवे मालवून, आवाज थोडा वाढवून. सुरुवात इतकी हळू आहे की पंख्याच्या आवाजात बुडून जाते. पियानो आवडत असेल तर ‘इन्सेक्टारियम’ आहे, १९१७ मधले नऊ छोटे तुकडे, एकेका किड्यावर एकेक, त्यात डासही आहे. पहिली सिम्फनी शेवटी, एखाद्या सुट्टीच्या दुपारी. तासभर लागतो. ती ऐकताना मात्र १९ वर्षांचं वय आणि बर्लिन डोक्यातून काढून टाका, नाहीतर तुम्ही संगीत न ऐकता दाखलाच ऐकाल. सगळं इंटरनेटवर सहज मिळतं, डाउसगोर यांची मुद्रणं शोधा.